व्हिसा लागलाय पण शिफ्टिंग लांबवायचंय: आम्ही ठाण्यात बसून काय काय केलं

अमेरिकेतल्या ताईने माझ्या नावाचं पिटिशन, म्हणजे बहिणीला इथे कायमचं राहायला येऊ द्या असा अर्ज, टाकलं तेव्हा २००६ साल होतं, मी नौपाड्यात आईबाबांकडे राहायचे, लग्नाचा पत्ता नव्हता, आणि ताई फोनवर म्हणाली होती, "अगं टाकून ठेवते, येईल तेव्हा येईल." मग लग्न झालं, मुलगा झाला, भाड्याच्या घरातून वसंत विहारला स्वतःचं घर झालं, आणि ते पिटिशन आम्ही सगळे जवळजवळ विसरून गेलो. भावंडांची ही जी एफ-४ कॅटेगरी आहे ना तिची भारताची रांग एवढी लांब आहे की २०२५ मध्ये २००६ च्या अर्जांचं काम चालू होतं. आमचा नंबर लागला तो बरोब्बर चिरंजीवांच्या दहावीच्या वर्षी. त्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि नवऱ्याचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा.

म्हणजे व्हिसा हातात आणि जायची तयारी शून्य. असे बरेच जण असतात असं आता कळतंय, कारण बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूच्या रांगेत माझ्या पुढच्या बाईंचीही हीच रड होती, त्यांच्या मुलीची बारावी. म्हणून आम्ही जे शोधलं, जिथे धडपडलो, ते लिहून ठेवतेय. हे सगळं अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाबद्दल आहे, कॅनडा ऑस्ट्रेलियाचं गणित वेगळं.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, मग बाकी सोपं जातं. व्हिसाची तारीख लांबवता येत नाही, शिफ्टिंग लांबवता येतं. व्हिसा तुमच्याकडे एवढंच मागतो की त्यावर छापलेल्या तारखेच्या आत एकदा अमेरिकेत पाऊल टाका. त्या दिवशी तुम्ही परमनंट रेसिडेंट झालात. मग तुम्ही तिथे किती राहता, कधी परतता, सामान कधी हलवता हा प्रश्न ग्रीनकार्डाचा, आणि त्याचे नियम वेगळे. आम्ही पहिला महिनाभर या दोन गोष्टींची खिचडी करत बसलो होतो आणि घरात रोज रात्री जेवताना भांडणं.

आता तारीख. व्हिसा साधारण सहा महिन्यांचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते सहा महिने कुठून मोजतात ते बघत नाही कोणी. ते बहुतेक वेळा मेडिकलपासून मोजले जातात, इंटरव्ह्यूपासून नाही. म्हणजे मेडिकल लवकर उरकून घेतली आणि इंटरव्ह्यू दोन महिन्यांनी, तर हातात उरतात चारच महिने. काही जणांना तब्येतीच्या कारणाने मेडिकलच तीन महिन्यांची मिळते, मग व्हिसाही तेवढाच. ज्यांचा इंटरव्ह्यू अजून व्हायचाय त्यांनी मेडिकल इंटरव्ह्यूच्या जितकी जवळ घेता येईल तितकी जवळ घ्या, फुकटात महिना दीड महिना वाढतो. आमची मेडिकल सप्टेंबरच्या मध्यात, इंटरव्ह्यू महिनाअखेरीला, आणि पासपोर्ट घरी आल्यावर मी चष्मा लावून त्या चिकटवलेल्या व्हिसावर बोट ठेवून तारीख वाचली तर मार्चचा मधला आठवडा. दहावीची परीक्षा नेमकी तेव्हाच चालू. तिघांची तारीख वेगवेगळी वाचा बरं का, घरातल्या प्रत्येकाची सारखीच असेल असं धरून चालू नका.

घोडबंदर रोडवरच्या एका एजंटाने आम्हाला छातीठोक सांगितलं होतं की व्हिसा एक्स्टेंड करून मिळतो मॅडम, पंधरा हजारात करून देतो. नाही मिळत. इमिग्रंट व्हिसाला एक्स्टेन्शन हा प्रकारच नाही. तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने तारीख चुकली तर कॉन्सुलेटकडे नवीन व्हिसासाठी विनंती करता येते, पण तिथे फी परत, मेडिकल बहुतेक परत, आणि द्यायचा की नाही हे त्यांच्या हातात. मुलाची परीक्षा हे हाताबाहेरचं कारण धरतील का याच्यावर एकोणीस वर्षांची रांग लावायची माझी तरी हिंमत नव्हती.

ज्यांचं प्रकरण अजून एनव्हीसी म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडे, इंटरव्ह्यूच्या आधी फी आणि कागद घेणाऱ्या ऑफिसकडे, आहे त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण लांबवायची खरी सोपी जागा ती आहे. तिथे फी भरायला, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायला, कागद चढवायला तुम्ही आपल्या गतीने वेळ घेऊ शकता, फक्त वर्षभर अगदी गप्प बसू नका, वर्षात एकदा तरी काहीतरी संपर्क ठेवा नाहीतर केस बंद करायची प्रोसेस सुरू होते. आणि मूल २१ च्या जवळ आलं असेल तर ही चैन अजिबात करू नका, त्याच्या वयाचं गणित वेगळं आहे आणि वर्षाच्या आत अर्ज पुढे सरकवला नाही तर ते मूल केसमधून बाहेर पडू शकतं. अजून एक सोय, कुटुंबातल्या मुख्य अर्जदाराने आधी व्हिसा घेऊन जायचं आणि नवरा किंवा बायको आणि मुलांनी आपला व्हिसा नंतर घ्यायचा, याला फॉलो टू जॉइन म्हणतात. पण एकदा सगळ्यांचे व्हिसे निघाले की प्रत्येकाला आपापल्या तारखेच्या आत जायलाच लागतं. आणि मुख्य अर्जदार आधी किंवा सोबतच पाहिजे, मुलाला एकट्याला मावशीकडे पुढे पाठवून देऊ असं होत नाही.

या मधल्या काळात न करायची एक गोष्ट म्हणजे लग्न. हसू नका. ज्याला आईवडिलांबरोबरचा मुलगा किंवा मुलगी म्हणून व्हिसा मिळालाय त्याने अमेरिकेत पाऊल टाकेपर्यंत अविवाहित राहायलाच हवं. आपल्याकडे काय होतं, व्हिसा लागला, मुलगी वीस वर्षांची, चांगलं स्थळ आलंय, जाण्याआधी निदान रजिस्टर तरी करून ठेवू, असं कोणीतरी काका सुचवतोच. त्या रजिस्टर लग्नाने त्या मुलीचा व्हिसा निकामी होतो. साखरपुडा करा, जेवणं घाला, सही करू नका.

नवऱ्याकडून किंवा बायकोकडून व्हिसा आलेल्या नवीन जोडप्यांचं मात्र उलटं आहे, तिथे थोडं थांबण्यात फायदा असू शकतो. अमेरिकेत शिरायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं, कंडिशनल मिळतं, मग त्या अटी काढायला परत फॉर्म, परत फी, परत पुरावे. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर सरळ दहा वर्षांचं. हे शिरायच्या तारखेवर ठरतं, व्हिसावर काय छापलंय त्यावर नाही. तेव्हा लग्नाचा दुसरा वाढदिवस व्हिसाच्या मुदतीत येत असेल तर तो इथेच साजरा करून मग विमानात बसा, आणि तिकडच्या ऑफिसरला मॅरेज सर्टिफिकेट दाखवून स्वतःहून सांगा.

तर आमचा प्लॅन. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन यायचं. मुलाची शाळा बुडत नाही, नवऱ्याची रजा शिल्लक होती, आणि सासूबाईंचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये होतं. भाऊबीज उरकली आणि त्याच रात्री निघालो.

निघण्याआधी युएससीआयएसची, म्हणजे तिकडच्या इमिग्रेशन खात्याची, इमिग्रंट फी ऑनलाइन भरून टाका, माणशी २३५ डॉलर, १ एप्रिल २०२४ पासून हा रेट आहे, आधी २२० होता. भरायला ए-नंबर आणि केस नंबर लागतो, दोन्ही व्हिसावरच असतात, फक्त कुठला कुठे टाकायचा याचा गोंधळ होतो, आम्ही नवऱ्याचा ए-नंबर मुलाच्या पुढे टाकत होतो, शेवटच्या क्षणी दिसलं. ही फी नाही भरली तरी आत सोडतात, पण कार्ड छापायला जात नाही. आणि पत्ता नीट द्या, कार्ड पोस्टाने येतं आणि ते तुमच्या ठाण्याच्या पत्त्यावर येणार नाही. आम्ही ताईचा न्यू जर्सीचा दिला. तिने तिच्या पत्रपेटीच्या आतल्या बाजूला आमचं आडनाव कागदावर लिहून सेलोटेपने चिकटवलं, कारण तिकडे पेटीवर नाव नसलं तर पोस्टमन पत्र परत पाठवू शकतो. तिचं सासरचं आडनाव वेगळं, आमचं वेगळं, ही गोष्ट माझ्या लक्षातसुद्धा आली नसती.

विमानतळावर काय होतं, तर नेहमीच्या रांगेतून तुम्हाला आतल्या खोलीत बसवतात, बोटांचे ठसे, फोटो, चारदोन प्रश्न. कॉन्सुलेटने सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते उघडायचं नाही आणि चेक-इन बॅगेत टाकायचं नाही, हातात ठेवायचं. बऱ्याच केसेस आता ऑनलाइन असतात, मग व्हिसावरच तशी नोंद असते आणि पाकीट मिळत नाही, घाबरू नका. ऑफिसरने विचारलं, मूव्ह होऊन आलात का. नवऱ्याला रात्रभर याच प्रश्नाचं टेन्शन होतं आणि त्याने तीन उत्तरं पाठ केली होती. मी सरळ खरं सांगितलं, मुलाची दहावीची बोर्डाची परीक्षा आहे, दोन आठवडे राहून परत जातोय, मे महिन्यात कायमचे येतोय. तो म्हणाला ओके, आणि शिक्का मारला. खोटं बोलायची काही गरजच नसते, थोड्या दिवसांसाठी परत जाणं हा गुन्हा नाहीये.

शिक्का मारल्यावर काउंटर सोडायच्या आधी तो वाचा. तारीख बरोबर आहे का, आणि कॅटेगरी. आमच्याकडे मी एफ-४१, नवरा एफ-४२, मुलगा एफ-४३. व्हिसाच्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, तिचा अर्थ असा की शिक्का पडल्यावर हे पान एक वर्ष तात्पुरतं आय-५५१, म्हणजे ग्रीनकार्डाचा पुरावा, म्हणून चालेल. ही ओळ म्हणजे शिफ्टिंग लांबवणाऱ्यांसाठी सोनं आहे. कार्ड हातात यायची वाट बघत तिथे महिनोन्महिने बसायची गरज नाही, त्या पानावर तुम्ही वर्षभरात परत जाऊ शकता. कार्ड मागाहून ताईकडे आलं, आमची तिन्ही तिने एका पाकिटात घालून येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवली. तरी त्या पानाची रंगीत झेरॉक्स काढून ठेवा, इथल्या चेक-इन काउंटरवरच्या पोराला ती ओळ माहीत असेलच असं नाही.

त्या दोन आठवड्यांत आम्ही फिरलो कमी आणि कामं जास्त केली. सोशल सिक्युरिटी नंबर डीएस-२६० भरतानाच मागून ठेवला होता, तो आपोआप येतो, नाहीतर ऑफिसात जावं लागतं. ताईच्या बँकेत खातं उघडलं. घरात १८ ते २५ मधला मुलगा असेल तर त्याचं सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं, म्हणजे गरज पडली तर सैन्यात बोलवायच्या यादीचं, रजिस्ट्रेशन तीस दिवसांत करावं लागतं, आमचा लहान आहे म्हणून सुटलो. आणि परतताना बोर्डिंग पास जपून ठेवले, कारण अमेरिका सोडताना शिक्का मारत नाहीत, तुम्ही कधी बाहेर पडलात हे नंतर कोणी विचारलं तर हातात कागद असलेला बरा.

आता मुख्य भाग, परत आल्यावर किती दिवस ठाण्यात राहता येतं.

इथे लोक १८० दिवस, १८० दिवस असं मंत्रासारखं म्हणतात. ते मोजायचे अमेरिका सोडल्याच्या तारखेपासून, पहिल्यांदा शिरल्याच्या नाही. सहा महिन्यांच्या आत परतलात तर सहसा फार विचारत नाहीत. सहा महिने ते एक वर्ष, तर चौकशी होऊ शकते आणि तुम्ही तिथलेच रहिवासी आहात हे पटवून द्यावं लागू शकतं. एक वर्ष उलटलं की नुसत्या कार्डावर आत येता येत नाही, मग रीएंट्री परमिट, म्हणजे जास्त दिवस बाहेर राहून परत यायची आधीच काढलेली परवानगी, पाहिजे नाहीतर कॉन्सुलेटमध्ये परतणाऱ्या रहिवाशांच्या एसबी-१ नावाच्या व्हिसासाठी हात जोडायचे, आणि तिथे सिद्ध करायचं की हाताबाहेरच्या कारणाने अडकलो होतो.

पण १८० दिवस म्हणजे काही परवानगी नाही. खरा मुद्दा तुमचं घर कुठे आहे हा आहे. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचे आईवडील ऐरोलीला राहतात, मुलाने ग्रीनकार्ड करून दिलं, आणि ते दर साडेपाच महिन्यांनी जायचे, आठवडाभर नातवाला भेटायचे, परत ऐरोली. दोनदा चाललं. तिसऱ्या वेळी आतल्या खोलीत नेलं, तीन तास बसवलं, तुम्ही नक्की राहता कुठे असं विचारत राहिले, आणि मग आय-४०७ फॉर्म पुढे सरकवला. हा फॉर्म म्हणजे मी ग्रीनकार्ड सोडतोय अशी सही. काका रिटायर्ड बँकवाले, न वाचता सही करणं त्यांच्या रक्तातच नाही, त्यांनी पूर्ण वाचला आणि नाही म्हणाले. तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे, मला इमिग्रेशन जजसमोर बाजू मांडायची आहे असं सांगायचं, सही जबरदस्तीने घेता येत नाही. त्यांना शेवटी दम देऊन आत सोडलं. पण काकूंचं बीपी वाढलं ते वाढलंच.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. सहा महिन्यांच्या आत खरोखर शिफ्ट होणार असाल तर काही करू नका, जाऊन या, परत जा. आठदहा महिने लागणार असतील तर लांबवायच्या कारणाची फाइल बनवा. आणि वर्षाच्या वर जायची थोडी जरी शक्यता असेल तर पहिल्याच ट्रिपला रीएंट्री परमिटचा अर्ज टाकून या. दर पाच महिन्यांनी हजेरी लावायला जाणं हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात कच्चा उपाय आहे.

फाइल म्हणजे काय, आमची सांगते. शाळेचं बोनाफाइड, परीक्षेचं हॉल तिकीट, सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख असलेलं डॉक्टरांचं पत्र आणि डिस्चार्ज पेपर, नवऱ्याचा राजीनामा आणि कंपनीने दिलेली शेवटच्या दिवसाची तारीख, तिकडच्या बँकेचं स्टेटमेंट, तिकडे भरलेला टॅक्स रिटर्न. निळ्या रंगाचं साधं प्लॅस्टिकचं फोल्डर आहे, गोखले रोडवरून घेतलेलं, फ्रिजवर ठेवलंय आणि घरात आलेला कुठलाही कागद आधी त्यात जातो. परवा त्यात दूधवाल्याचं बिल निघालं.

रीएंट्री परमिटची गोष्ट जरा खोलात सांगते कारण आम्हाला ते लागलं नाही पण नेरुळच्या माझ्या मैत्रिणीने केलं, तिचे वडील अंथरुणाला खिळलेत आणि ती एकुलती एक. फॉर्म आय-१३१. अट एकच आणि कडक, अर्ज करताना तुम्ही अमेरिकेच्या जमिनीवर असलं पाहिजे. नेरुळमध्ये बसून टाकता येत नाही. माणशी वेगळा फॉर्म, लहान मुलाचासुद्धा. फी ६३० डॉलर माणशी आहे, भरायच्या आधी त्यांच्या साइटवर एकदा बघून घ्या कारण फी बदलत असतात. कार्ड अजून आलेलं नसेल तर पासपोर्टचं पहिलं पान आणि शिक्का मारलेलं व्हिसाचं पान जोडायचं, चालतं. पैसे क्रेडिट कार्डाने भरायचा वेगळा फॉर्म असतो, जी-१४५०, तो वर लावायचा, त्यावर सही राहिली तर सगळं पाकीट परत येतं.

मग पावती येते, आणि त्यानंतर बायोमेट्रिकचं बोलावणं. १४ ते ७९ वयाच्या सगळ्यांना ठसे द्यावे लागतात आणि तेही अमेरिकेतच. गाडी इथेच अडते. मैत्रिणीला बोलावणं यायला पाच आठवडे लागले, कोणाला कमी लागतात कोणाला जास्त. अर्ज टाकून भारतात यायला हरकत नाही पण मग ठशांसाठी परत जायचं, म्हणजे अजून एक तिकीट. तिने शहाणपणाने पहिलीच ट्रिप दोन महिन्यांची ठेवली, इथे वडिलांकडे चोवीस तासांची बाई लावली आणि मामा येऊन राहिले. आमच्या मुलाला दहावीत दोन महिने तिकडे ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही परमिटचा नाद सोडला आणि सहा महिन्यांत परतायचं ठरवलं. हे गणित प्रत्येकाने आपापल्या घरावर बसवायचं.

ठसे दिले की परमिट यायची वाट तिथे बघावी लागत नाही. ते यायला कित्येक महिने लागू शकतात. ताईच्या, भावाच्या पत्त्यावर मागवता येतं किंवा फॉर्ममध्येच कॉन्सुलेट निवडता येतं. एक लक्षात घ्या, नुसती पावती म्हणजे परमिट नाही. वर्ष संपत आलं आणि परमिट अजून छापलं गेलं नसेल तर वर्षाच्या आत एकदा जाऊन या. परमिट दोन वर्षांचं असतं, वाढवून मिळत नाही, पुढचं हवं तर परत तिकडे जाऊन नवा अर्ज. आणि परमिट असलं तरी सिटिझनशिपचं घड्याळ वेगळं चालतं, वर्षभर बाहेर राहिलात तर सलग पाच वर्षं राहण्याची जी अट आहे ती तुटते आणि मोजणी परत. ज्यांना सिटिझनशिपची घाई नाही त्यांना काय फरक पडतो, पण कळलेलं बरं.

टॅक्स. हा भाग लोक सगळ्यात शेवटी वाचतात आणि सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. ज्या दिवशी शिक्का पडला त्या दिवसापासून तुम्ही अमेरिकेच्या टॅक्ससाठी रहिवासी, भले तुम्ही दोन आठवड्यांनी ठाण्यात परत येऊन वर्षभर इथला पगार घ्या. इथला पगार, एफडीचं व्याज, पीपीएफचं व्याज जे आपल्याकडे माफ आहे तेसुद्धा, घरभाडं, सगळं तिकडे दाखवायचं. भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं म्हणून पगारावर सहसा दुहेरी बोजा पडत नाही, पण रिटर्न भरावाच लागतो. नॉन-रेसिडेंट म्हणून रिटर्न भरायची आयडिया कोणी दिली तर कानाडोळा करा, तुम्ही रहिवासी नाही असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं ते, आणि ग्रीनकार्डाच्या प्रश्नात हेच कागद बाहेर येतात. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही एका दिवसासाठीसुद्धा १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर नावाचा परदेशी खात्यांचा रिपोर्ट वेगळा भरायचा. एफडी, पीपीएफ धरून मध्यमवर्गीय घरात ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

म्युच्युअल फंड. अमेरिकेच्या टॅक्सवाल्यांच्या लेखी आपले भारतातले म्युच्युअल फंड म्हणजे पीएफआयसी, एक प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी, त्याचा टॅक्स किचकट आणि जाचक, प्रत्येक फंडाचा वेगळा फॉर्म. शिवाय तुम्ही तिकडे पाऊल टाकलंत म्हणून फंडाची खरेदी किंमत त्या दिवशीच्या भावाची धरत नाहीत, दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या युनिटचा सगळा नफा विकल्यावर तिकडे मोजला जातो. म्हणून नवऱ्याने दसऱ्याच्या आठवड्यात, निघायच्या आधी, सगळ्या एसआयपी बंद करून युनिट्स विकून टाकले. त्याचा जीव तुटत होता, मार्केट वर जातंय आणि आपण बाहेर पडतोय. पण दोन्ही देशांचं काम बघणाऱ्या सीएने कागदावर आकडे मांडून दाखवले आणि तो गप्प झाला. असा सीए शोधा, सोसायटीतला नेहमीचा रिटर्न भरणारा चालत नाही, आणि त्याला विमानात बसायच्या आधी भेटा, नंतर भेटून उपयोग नाही.

व्हिसाच्या मुदतीत डिसेंबर आणि जानेवारी दोन्ही येत असतील आणि बाकी काही अडत नसेल तर जानेवारीत जा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शिरलात तर त्या चार दिवसांसाठी त्या वर्षाचा अर्धामुर्धा रिटर्न भरत बसावा लागतो. आम्हाला दहावीमुळे जमलं नाही, ऑक्टोबर ते डिसेंबरचा तो रिटर्न भरायला जे पैसे गेले त्यात मामलेदारची मिसळ आयुष्यभर खाता आली असती.

इथलं काय बंद करायचं आणि काय नाही यात लोक घाई करतात. नुसतं जाऊन आलात आणि इथेच नोकरी करत राहताय तोवर बँकेची खाती एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांची, करायची नसतात, ते खरोखर निघाल्यावर. पीएफ काढू नका, मेडिक्लेम चालू ठेवा, हप्ता चुकवू नका, सासूबाईंचा आणि आपलाही. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, एनआरआय झाल्यावर नवीन उघडता येत नाही.

पॉवर ऑफ ॲटर्नी मात्र इथे असतानाच करून टाका. आम्ही दिराच्या नावाने केली, स्टॅम्प पेपर पाचशेचा, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभरचा चालत नाही, आणि सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर केली. तिकडे गेल्यावर करायची म्हणजे कॉन्सुलेटच्या चकरा आणि मग इथे परत स्टॅम्पिंग. त्यात काय काय लिहायचं ते आधी घरी बसून ठरवा. आमच्या पहिल्या मसुद्यात घर भाड्याने देणं होतं, सोसायटीच्या मीटिंगला बसणं होतं, पण शाळेतून कागद घेणं नव्हतं. आणि आमची मुदत बघा कशी आहे, सहा महिने मेच्या पहिल्या आठवड्यात संपतात आणि दहावीचा निकाल त्यानंतर लागणार. म्हणजे मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट आणायला आम्ही इथे नसणार. मग शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारलं, त्या म्हणाल्या मुलाच्या काकांना अधिकारपत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स देऊन पाठवा, आणि ते पत्र आत्ताच माझ्यासमोर सही करून ठेवा. ठेवलं.

घर भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करावंच लागतं, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यावी लागते, ते दीर बघतील. सासूबाई त्यांच्याकडे डोंबिवलीला राहतील, फिजिओथेरपीवाला तिकडे शोधलाय. आत्ता मी हे लिहितेय तर आतल्या खोलीत चिरंजीव भूमितीचे पेपर सोडवतायत, आणि माळ्यावरच्या दोन मोठ्या बॅगा अजून माळ्यावरच आहेत. नवरा काल म्हणाला उतरवून पुसून ठेवू का. म्हटलं शेवटचा पेपर होऊ दे, मग उतरव.